कोष्टकात एक रकाना वाढवा

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या शनिवारच्या पुरवणीतला घरच्या घरी सर्व्हर उभारण्यावरचा लेख वाचला. एका जुन्या संगणकावर चार-पाच व्हीएम, म्हणजे संगणकाच्या पोटातले संगणक, कसे चालवावेत हे लेखकानं सोपं करून सांगितलंय, त्याबद्दल आभार. माझी तक्रार शेवटच्या चौकटीबद्दल आहे. साठवणुकीसाठी परवडेल तेवढी मोठी हार्ड डिस्क घ्या, जमल्यास तीन घेऊन रेड-५ करा (तिन्ही एकत्र बांधा, एक मेली तरी माहिती राहते), म्हणजे माहिती सुरक्षित, असं तिच्यात म्हटलंय. खाली कोष्टक आहे : कंपनी, किती टीबी, किती रुपये. हा सल्ला मी लेख यायच्या तीन वर्षं आधीच तंतोतंत पाळून बसले होते. म्हणून लिहिते.

मी दूरसंचार खात्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी टेलिफोन एक्स्चेंजच्या स्विच रूममध्ये. जानेवारी २०२० मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली. घरी बसून करायचं काय, तर सांगलीत डिप्लोमाला असलेल्या भाच्यानं त्याचा जुना टॉवर कॅबिनेट आणून जिन्याखाली ठेवला. सहा कोअरचा प्रोसेसर, ३२ जीबी रॅम. त्यावर प्रॉक्समॉक्स टाकलं, म्हणजे व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर. फुकट मिळतं, डेबियन नावाच्या लिनक्सवर चालतं. मग एकेक बिऱ्हाड येत गेलं. आमच्या ह्यांचं टॅली असलेलं विंडोज, घरातले फोटो, जाहिराती अडवणारं एक छोटं यंत्र, भाच्याच्या डेटाबेसच्या सरावाचं एक आणि एक निव्वळ मोडतोडीसाठी. आमचे हे टॅलीवर आमच्या सोसायटीचा हिशेब ठेवतात आणि सतारमेकर गल्लीतल्या एका ओळखीच्या कारागिराचाही. हे मुद्दाम सांगते, कारण घरचा सर्व्हर म्हटलं की लोकांना पोरखेळ वाटतो. त्यात दुसऱ्याच्या जीएसटीचे आकडे असले की खेळ संपतो.

साठवणुकीला चार टीबीच्या तीन हार्ड डिस्क घेतल्या, रेड-५ केलं. वापरायला आठ टीबी मिळाले. पाच व्हीएम मिळून लागत होते जेमतेम साडेतीनशे जीबी! एवढी मोठी कोठी आणि त्यात एक शेर जोंधळे.

पहिल्याच आठवड्यात भाचा म्हणाला, "मावशी, प्रोसेसर रिकामा आहे, रॅम रिकामी आहे, मग हे रांगतंय का गं?" सकाळी साडेनऊला ह्यांनी टॅली उघडलं आणि त्याच वेळी विंडोजला स्वतःचं अपडेट आठवलं, की जिन्याखालून कुरकुर ऐकू यायची. जात्यात खडा आल्यासारखी. सगळी बिऱ्हाडं एकदम ताटकळायची.

हिशेब शाळेतला आहे. आमच्या डिस्क मिनिटाला ५४०० फेऱ्यांच्या. म्हणजे सेकंदाला ९० फेऱ्या, एका फेरीला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा मुंडीखाली यायला सरासरी अर्धी फेरी आणि मुंडी त्या वर्तुळापर्यंत सरकायला आणखी नऊ-दहा. धरा पंधरा. म्हणजे एका डिस्कला सेकंदाला साठ-पासष्ट फुटकळ कामं जमणार, बास. सिनेमा साठवायचा असेल तर ती सलग वाचते, तिथं हीच डिस्क सेकंदाला दीडशे एमबी देते. माहितीपत्रकात छापतात तो वेग हा. व्हीएमचं काम सिनेमासारखं नसतं. पाच बिऱ्हाडं पाच ठिकाणी चिमूट चिमूट लिहीत असतात. वर रेड-५ मध्ये एक चिमूट लिहायला चार कामं लागतात : जुनं वाचा, जुनी पॅरिटी (एक डिस्क मेली तर तिच्यावरचं परत काढायला ठेवलेला ताळा) वाचा, नवं लिहा, नवी पॅरिटी लिहा. तीन डिस्कांची मिळून दोनशेच्या आत कामं, भागिले चार.

प्रॉक्समॉक्सबरोबर पीव्हीईपर्फ नावाची एक आज्ञा येते. तिच्या उत्तरात एफसिंक्स पर सेकंद अशी ओळ असते. आमचा आकडा आला ४३.

हे एफसिंक काय प्रकरण आहे ते टपालखात्याच्या भाषेत सांगते. साधं पत्र पेटीत टाकलं की आपण मोकळे. पूर्वी रजिस्टर एडी केलं तर पोचपावती हातात येईपर्यंत जीव अडकलेला असायचा. डेटाबेस प्रत्येक नोंद रजिस्टर एडीनं पाठवतो. 'लिहिलं' असं उत्तर त्याला पुरत नाही, 'लाईट गेली तरी राहील असं लिहिलं' हे उत्तर लागतं. ते मिळेपर्यंत तो पुढची नोंद घेत नाही. सेकंदाला अशा पावत्या किती येतात, तो हा आकडा. भाच्यानं सरावासाठी दहा हजार ओळी एकेक करून डेटाबेसमध्ये घातल्या आणि घड्याळ लावलं. सहा मिनिटं चाळीस सेकंद.

आता आमचा मूर्खपणा. व्हीएमच्या डिस्कला कॅश, म्हणजे लिहिण्याआधीची तात्पुरती साठवण, कुठली द्यायची याचे चार-पाच पर्याय असतात. त्यातला एक रायट बॅक, आणि त्याच्याच खाली पुन्हा रायट बॅक, पण कंसात स्पष्ट लिहिलेलं : अनसेफ. पोरानं तो निवडला. त्याचा अर्थ असा, की पोस्टमन पत्र खिशात ठेवतो आणि पोचपावतीवर स्वतःच सही करून देतो. त्याच दहा हजार ओळी चार सेकंदांत. पोरगं खूश, मीही खूश. एवढी वर्षं एक्स्चेंजमध्ये काढलेल्या बाईनं तरी तो कंस वाचायला हवा होता.

एप्रिलमधली संध्याकाळ. लाईट गेली, इन्व्हर्टर लागला, पंखा फिरायचा थांबलासुद्धा नाही. पण जिन्याखालचं यंत्र मात्र बंद पडून पुन्हा सुरू झालं. विंडोजचं व्हीएम उठेना. भाच्याचा डेटाबेस उठला, पण मधलं पान फाटलेलं. शेवटचा बॅकअप एकोणीस दिवसांपूर्वीचा होता, कारण रेड-५ आहे म्हटल्यावर बॅकअपची घाई कुणाला? रेड आपल्या जागी ठणठणीत होतं. तिन्ही डिस्क हिरव्या. फाटलेलं पान त्यांनी अगदी इमानदारीनं सांभाळून ठेवलं होतं. ह्यांनी एकोणीस दिवसांच्या नोंदी बिलं समोर घेऊन तीन संध्याकाळी पुन्हा टाईप केल्या. एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

इन्व्हर्टर असून यंत्र बंद का पडलं, याचा शोध मला दोन दिवस लागला नाही, आणि लागला तेव्हा लाज वाटली. घरगुती इन्व्हर्टरच्या मागं एक छोटा स्विच असतो, एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला नॉर्मल. यूपीएसवर असला की तो दहा-पंधरा मिलिसेकंदांत बॅटरीवर जातो, संगणकाला कळतही नाही. नॉर्मलवर त्याहून बराच वेळ घेतो. पंख्याला, दिव्याला चालतं, संगणक मान टाकतो. मग आमचा स्विच नॉर्मलवर कुणी केला? ह्यांनीच. उन्हाळ्यात आमच्या भागात व्होल्टेज १८० च्या खाली उतरतं. यूपीएसच्या बाजूला इन्व्हर्टर एवढं कमी व्होल्टेज सहन करत नाही, लाईट असूनही सारखा बॅटरीवर जातो आणि रात्री बॅटरी रिकामी. म्हणून त्यांनी बिचाऱ्यांनी मार्चमध्येच स्विच फिरवला होता. घरोघरी हेच होत असणार, कुणी सांगत नाही इतकंच.

एक्स्चेंजमध्ये हा प्रश्नच नसायचा. तिथं ४८ व्होल्टचा बॅटरी बँक, दोन व्होल्टचे चोवीस सेल, गुडघ्याएवढाले. यंत्रणा कायम त्या बॅटरीला जोडलेली आणि चार्जर त्या बॅटरीला. लाईट गेली तर चार्जर थांबतो, बॅटरी जागची हलत नाही. फिरवायला मधे काही नाहीच, त्यामुळं चुकायलाही काही नाही. घरचा इन्व्हर्टर मात्र रिलेची टकटक करून बाजू बदलतो. आम्ही मग सहाशे व्हीएचा, यूएसबी केबल लागणारा छोटा यूपीएस इन्व्हर्टर आणि यंत्र यांच्यामध्ये बसवला. बॅटरी उतरत आली की तो केबलमधून निरोप देतो आणि यंत्र आपणहून शिस्तीत बंद होतं. तुमच्या लेखात विजेबद्दल एक ओळही नाही.

डिस्कची गोष्ट पुढे. सगळ्यांनी सांगितलं एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली, चिपवर लिहिणारी डिस्क घ्या, म्हणून एक टीबीची स्वस्तातली घेतली. वेष्टणावर सेकंदाला ५५० एमबी. ते तर साटा जोडणीचंच टोक आहे, सगळ्याच कंपन्या तोच आकडा छापतात. विंडोजच्या व्हीएमची डिस्क तिच्यावर हलवायला घेतली. पहिले चाळीसेक जीबी भुर्रकन गेले, मग वेग सत्तर एमबीवर आला. हार्ड डिस्कपेक्षाही कमी! कारण अशा डिस्क एका पेशीत चार बिट कोंबतात, आणि ते काम सावकाशीचं असतं. म्हणून आलेलं सामान आधी ओसरीवर उतरवतात, मग सवडीनं माडीवर नेतात. ओसरी भरली की पाहुणे दारात उभे. रोजच्या वापरात ओसरी भरत नाही, त्यामुळं लॅपटॉपवाल्याला हे कधी कळतही नाही. पीव्हीईपर्फचा आकडा २८० वर गेला. ४३ च्या मानानं उत्तमच. पण एवढ्या वेगवान म्हणवणाऱ्या वस्तूला पावत्या मात्र सेकंदाला २८०?

याचं उत्तर मला बॅटरी रूममुळं चटकन उमगलं. एसएसडीच्या पोटात थोडी रॅम असते, लाईट गेली की ती पुसली जाते. त्यामुळं प्रामाणिक डिस्कला पावती द्यायची तर आधी माल खऱ्या फ्लॅशवर, म्हणजे लाईट गेली तरी टिकणाऱ्या चिपवर, उतरवावा लागतो, त्याला वेळ लागतो. डेटासेंटरसाठी बनवलेल्या डिस्कमध्ये कपॅसिटरची रांग असते. लाईट गेल्यावर रॅममधलं फ्लॅशवर उतरवण्यापुरती वीज तिच्यात साठलेली. म्हणून ती डिस्क माल रॅममध्ये आला की लगेच सही करते, आणि ती सही खोटी नसते.

गेल्या वर्षी अशी एक वापरलेली, ९६० जीबीची साटा डिस्क साडेपाच हजारांत मिळाली. विकणाऱ्याकडून आधी स्मार्टचा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते तो, अहवाल मागवला : झीज ६ टक्के. वॉरंटी नव्हतीच, त्यामुळं चार स्क्रू काढून आत डोकावायला भीती नव्हती. एका कडेला कपॅसिटर दाटीवाटीनं बसलेले. आमच्या चोवीस सेलची पिल्लं! आकडा आला ३,९००. दहा हजार ओळी पाच सेकंदांत, आणि कॅशचा पर्याय मूळचाच, कंस नसलेला.

झिजेचंही सांगते. वेष्टणावर टीबीडब्ल्यू असतो, म्हणजे आयुष्यभरात किती टेराबाइट लिहिण्याची हमी. एक टीबीच्या चांगल्या घरगुती डिस्कला साधारण सहाशे. डेटासेंटरच्या डिस्कची हमी 'रोज एकदा पूर्ण भरा, पाच वर्षं' अशी असेल तर ९६० जीबी गुणिले १,८२५ दिवस, म्हणजे साडेसतराशेच्या आसपास. वापरलेली असली तरी आमच्या आयुष्याला पुरेल.

मग भाचा म्हणाला, दुसरी तशीच घेऊन मिरर करू, म्हणजे दोन्हींवर तेच लिहू. मी नको म्हटलं. याच्यावर तुमचे वाचक माझ्याशी भांडतील, भांडू देत. एक्स्चेंजमध्ये आमचे प्रोसेसर जोडीनं असायचे, एक कामावर आणि दुसरा हजर. कारण तिथं हजारो ग्राहक होते आणि फोन बंद म्हणजे दवाखान्याचा, पोलिसांचा फोन बंद. माझे ग्राहक पाच, त्यातले दोन रात्री नऊला झोपतात. मिरर असला तर डिस्क मेली तरी काम थांबत नाही, एवढंच ते देतं. चुकून पुसलेली फाईल मिरर दोन्हीकडून तितक्याच तत्परतेनं पुसतं. दुसऱ्या डिस्कचे पैसे मी यूपीएसला आणि बॅकअपला घातले. डिस्क मेली तर तासाभरात कालच्या रात्रीवरून उभं करू. ज्यांना तो तास परवडत नाही त्यांनी मिरर जरूर करावं. रेड-५ मात्र व्हीएमसाठी कुणीच करू नये, घरी तर नाहीच.

फाईल सिस्टीमवरून, म्हणजे डिस्कवर फाईली मांडायच्या पद्धतीवरून, घरात फार वाद झाला नाही. झेडएफएस घेतलं. ते प्रत्येक तुकड्याची बेरीज जपून ठेवतं, त्यामुळं काय बिघडलं हे तरी कळतं. एकच डिस्क असल्यानं दुरुस्ती होत नाही, पण नासकं दूध न कळता चहात पडण्यापेक्षा बरं. रॅम खायची त्याला खोड आहे, म्हणून चार जीबीची मर्यादा घातली. भाच्याला सेफ नावाची, अनेक यंत्रांच्या डिस्क मिळून एकच कोठी करणारी यंत्रणा हवी होती. तिला निदान तीन यंत्रं लागतात आणि त्यांच्यात चांगलं जाड नेटवर्क. तीन यंत्रांचं वीजबिल भरशील का, एवढं विचारल्यावर विषय मिटला. व्हीएमच्या डिस्क दुसऱ्या पेटीत ठेवून नेटवर्कवरून चालवायचाही त्याचा बेत होता. साध्या गिगाबिट तारेतून सेकंदाला ११५ एमबी येतात, ते पुरले असते, पण ती पेटी पुन्हा सुरू केली की पाचही बिऱ्हाडं गुदमरणार. नकोच.

हार्ड डिस्क टाकून दिल्या असं समजू नका. बॅकअप म्हणजे सलग लिहिणं, आणि ते काम त्या झकास करतात. दुसऱ्या एका जुन्या संगणकात त्यातल्या दोन घातल्या, त्यावर प्रॉक्समॉक्सचाच बॅकअप सर्व्हर. रात्री दोनला काम, फक्त बदललेले तुकडे जातात, बारा-पंधरा मिनिटांत आटपतं.

तिसरी हार्ड डिस्क कुठं गेली? ती रेडच्या दिवसांतच मेली होती. घाईत तिच्या जागी बाहेरून जोडायच्या पोर्टेबल पेटीतली काढून घातली. सात-आठ तासांत व्हायची पुनर्बांधणी, व्हीएम चालू ठेवल्यामुळं चार दिवस चालली. त्या चार दिवसांत आणखी एक डिस्क गेली असती तर सगळंच गेलं असतं. ती पेटीतली डिस्क एसएमआर जातीची निघाली. मंगलोरी कौलं कशी एकावर एक थोडी चढवलेली असतात, तसे तिच्यात माहितीचे पट्टे असतात. तेवढ्याच जागेत जास्त मावतं. पण खालचं एक कौल बदलायचं तर वरची ओळ उचलावी लागते. साध्या, न चढवलेल्या जातीला सीएमआर म्हणतात. २०२० साली तर असं उघडकीला आलं, की मोठ्या कंपन्या काही डिस्क एसएमआर असल्याचं न सांगताच विकत होत्या. आता त्या आपल्या संकेतस्थळांवर याद्या देतात. दुकानदाराला विचाराल तर तो म्हणतो, "मॅडम, चार टीबी आहे, अजून काय पाहिजे?"

एक प्रत घराबाहेर हवी, हे सगळेच सांगतात. बहीण सांगलीत गावभागात, दहा-बारा किलोमीटरवर, सोयीचं घर. डिस्क तिच्याकडे ठेवायला निघालेही होते. मग आठवलं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी सत्तावन्न फुटांवर गेलं होतं आणि बहीण होती तिसऱ्या दिवशी आमच्या घरी, अंगावरच्या साडीनिशी. म्हणून ती डिस्क जतला दिराकडे असते. तिकडं पुराचं पाणी जाईल तेव्हा आपला जिल्हाच उरलेला नसेल. दर दोन महिन्यांनी कुणीतरी येता-जाता अदलाबदल करतं, ज्वारीच्या पोत्याबरोबर.

आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही चिठ्ठी काढतो. ज्या व्हीएमचं नाव येईल ते बॅकअपवरून उभं करून दाखवायचं. पहिल्या खेपेला बावन्न मिनिटं लागली, कारण बॅकअपच्या कुलपाची किल्ली ज्या व्हीएममध्ये ठेवली होती तेच व्हीएम चिठ्ठीत आलं. आता ती किल्ली कागदावर लिहून रेशनकार्डाच्या पिशवीत आहे. गेल्या खेपेला तेवीस मिनिटं.

तर मागणं एवढंच. तुमच्या कोष्टकात टीबी आणि रुपये यांच्या शेजारी हार्ड डिस्कसाठी सीएमआर की एसएमआर हा रकाना वाढवा. एसएसडीसाठी टीबीडब्ल्यू, आणि वीज गेल्यावर सांभाळणारे कपॅसिटर आहेत की नाहीत, हे द्या. कंपन्यांच्या माहितीपत्रकात हे असतं, शोधायला तुमच्या माणसाचा एक दुपारचा वेळ जाईल. आणि रेड-५ केलं म्हणजे माहिती सुरक्षित, हे वाक्य पुढच्या अंकात मागं घ्या.

पत्र लांबलंय, कल्पना आहे. कापायचं झालं तर सेफचं आणि झेडएफएसचं कापा. इन्व्हर्टरच्या स्विचचं तेवढं ठेवा. आमच्याकडे ह्यांनी त्याच्यावर आता चिकटपट्टी लावलीय.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त टेलिफोनवाली, मिरज